आधी हूक, मग पाऊल

नानांशी ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, तोवर त्यांनी माझी छत्री माझ्या पिशवीला बांधून टाकली होती. विचारलंसुद्धा नाही. वेल्ह्याच्या शाळेत माझी बदली झाली होती. मी भोरची, रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून पालीच्या वाटेवरच्या त्यांच्या वाडीत खोली बघायला गेले होते. खोली दाखवायच्या आधी त्यांनी खिशातून सुतळी काढली, छत्रीच्या दांड्याला एक फास, पिशवीच्या बंदाला एक गाठ मारली, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हितला वारा वंगाळ हाय, बाई. छत्री जायाची आन् तिच्या मागं तुमी जायाच्या."

मला राग आला. माझ्या वस्तूला कुणी हात लावलेला मला खपत नाही. खोली मात्र चांगली होती, उजेडाची होती, म्हणून घेतली. ती गाठ काही मला संध्याकाळपर्यंत सुटली नाही. शेवटी त्यांच्या सुनेनं, अश्विनीनं, येऊन सोडवून दिली. "सवय करून घ्या, बाई," ती हसत म्हणाली, "आमच्यात बांधल्याशिवाय काय ठेवत न्हाईत."

खरंच ठेवत नसत. दुधाची किटली सायकलला, सायकल खांबाला. शेळीच्या गळ्यातली दोरी तर त्यांच्या गाठींचं प्रदर्शन होतं. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावून वर दोरीचा वेढा असायचा. एकदा वाडीतल्या एका लग्नात नाना अक्षता हातात घेऊन मांडवाचा एकेक खांब हलवून बघत फिरत होते. मुलीचा बाप आधीच घामाघूम झालेला, तो वैतागून म्हणाला, "नाना, बसा की वो गप. मांडववाल्यानं बांधलाय न्हवं?" नानांनी अक्षता खिशात घातल्या आणि दोन दोऱ्या सोडून परत बांधल्या. तिकडं मंगलाष्टकं संपत आली तरी ह्यांचं इकडं चालूच. त्या दिवशी झाडाचं पान हललं नाही. जेवताना पोरांनी त्यांना चिडवायला सुरुवात केली, तर भाताचा घास तोंडात घालत शांतपणे म्हणाले, "आला असता म्हंजे? वाऱ्याला काय पत्रिका धाडावी लागतीया व्हय?"

ह्या सगळ्याचं मूळ साताऱ्याकडच्या पठारावर होतं. नानांची उमेदीची सगळी वर्षं तिथं पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांवर गेली. वर चढायचं, बोल्ट आवळायचे, ग्रीस भरायचं, उतरायचं. गुडघे गेल्यावर ते घरी परत आले. शेत होतं थोडं, भाताचं. बायको आधीच वारली होती. त्या नोकरीतलं त्यांनी घरी काय आणलं, तर जुने कमरपट्टे, दोर, लोखंडी हूक आणि एक वाक्य. आधी हूक, मग पाऊल. मनोऱ्यावर असो की झाडावर, आपला हूक भक्कम जागी अडकवल्याशिवाय पुढचं पाऊल उचलायचं नाही. पठारावर त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा एक जोडीदार वरून पडला होता. त्याच्या कमरेला पट्टा होता, पट्ट्याला हूकही होता, फक्त तो कुठं अडकवलेला नव्हता. ही गोष्ट नाना फार सांगत नसत. सांगितली की त्या दिवशी जेवत नसत.

घरामागं एक जुनं जांभळाचं झाड होतं. त्यावर नानांनी दोर सोडले होते आणि आसपासच्या वाड्यांतली पोरं तिथं चढाईचं काम शिकायला यायची. आमच्याकडं डोंगरातला हिरडा गोळा करायला माणसं वाटेल त्या फांदीवर चढतात, दोर नाही की काही नाही. त्यांच्या पोरांना नाना म्हणायचे, "तुमचा बा माकड हाय. तुमी माणसं व्हा." बापही हसायचे. शिकवताना नाना खाली उभे राहून फक्त हुकाकडं बघत. पोरगं किती उंच गेलं, किती झटपट गेलं, ह्याचं त्यांना कौतुक नव्हतं. कुणी हूक लावायच्या आधी पाय उचलला, की त्याला खाली उतरवून घरी पाठवत. अश्विनीही ह्याच झाडावर शिकली. तिनं भोरला आयटीआय केलेलं होतं आणि लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात साडीचा काचा मारून झाडावर चढली होती. वाडीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नाना म्हणाले, "माझी सून हाय, तिचा हूक बघा, पाय बघू नगा." त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

संतोष त्यांचा एकुलता एक मुलगा. उंचापुरा, कायम शीळ घालणारा. घरात शिरला की आधी त्याची शीळ यायची आणि मग तो. तोही पठारावर चार वर्षं राबला आणि मग त्याला समुद्रावरचं काम मिळालं. गुजरातच्या किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्यात पवनचक्क्या उभ्या करायचं ठरत होतं. तसं करायचं तर आधी तिथला वारा वर्षभर मोजावा लागतो, म्हणून समुद्रात एक लोखंडी चौथरा उभा केला होता आणि त्यावर यंत्रं बसवली होती. त्या यंत्रांची निगा राखायला एक ठेकेदार माणसं नेत असे. होडीनं जायचं, शिडीनं चौथऱ्यावर चढायचं, काम करून परत यायचं.

नानांना तर आकाश ठेंगणं झालं. भूगोल मी शिकवते, पण वाऱ्यावरचं व्याख्यान मला त्यांच्याकडून ऐकावं लागे. "बाई, हितला वारा डोंगराला थटतुया, अडतुया, मंग कावतुया. समिंदरावर त्याला आडवं कोन हाय? सरळ येतुया. चक्की कशी फिरंल!" एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते ऐकावं लागायचं. वेल्ह्याच्या बाजारात भाजीवालीला त्यांनी सांगितलं होतं, की आता थोड्या दिवसांनी तुझ्या घरातला दिवा समुद्रातल्या वाऱ्यावर लागेल आणि तो वारा माझ्या पोरानं मोजलेला असेल. तिनं त्यांना कोथिंबिरीची जुडी जास्त दिली.

संतोष निघायच्या आधी नानांनी हट्ट धरला, मला समुद्र बघायचाय. एवढं आयुष्य गेलं, वरंधा घाट उतरला की कोकण, पण हा माणूस कधी खाली गेला नव्हता. मग एका रविवारी भाड्याची जीप करून आम्ही चौघं निघालो. नाना, संतोष, अश्विनी आणि मागच्या सीटवर डब्यांबरोबर मी. दुपारी किनाऱ्यावर पोचलो. नाना वहाणा काढून पाण्याच्या कडेला उभे राहिले. मला वाटलं, भारावले असतील. मग त्यांनी संतोषला विचारलं, "ह्याच्यात अडकवायचं कशाला रं?" आम्ही इतके हसलो, की अश्विनीला ठसका लागला.

एका कोळ्यानं त्याच्या होडीतून आम्हाला थोडं आत नेलं. लाटा किरकोळच होत्या, पण होडी हलायला लागली तशी नानांनी खांद्यावरचा पंचा काढला, एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं होडीच्या आडव्या फळीला. कोळी वल्हं टाकून उठलाच. "ओ बाबा, सोड ती गाठ! होरीला मानूस बांधाचा नाय!" नाना म्हणाले, "पडलो तर?" "पडला तर पानी उचलंल तुला. होरी गेली तर होरीसंगं जाशील." नानांनी गाठ सोडली, पण चेहरा असा केला, की जसा काही शाळेतला पोरगा बाईंसमोर शिक्षा म्हणून फळा पुसतोय. परत येताना घाटात ते संतोषला म्हणाले, "ह्या लोकांचं काय खरं न्हाई. उघड्यावर उभं ऱ्हात्यात. तू आपला हूक लावत जा." संतोष शीळ घालत गाडी चालवत होता, त्यानं मान हलवली.

पुढं एकदा रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर वह्या तपासत बसले होते. नाना फोन कायम स्पीकरवर ठेवून लांब धरत, त्यामुळं त्यांच्या घरातलं कुठलंच बोलणं खासगी नसायचं. संतोष सांगत होता, "नाना, हितं बोटीवर हूक लावायचा न्हाई म्हणत्यात. शिडीला हात लागला की मंग लावायचा. ट्रेनिंगात तसंच सांगितलंय."

"कोण म्हणतुया?"

"साहेब."

"साहेब किनाऱ्यावर उभा ऱ्हाऊन म्हणतुया. पडल्यावर तो येतुया का तुला धराया? तू लाव."

"लावतो."

"लावतो न्हवं. लावलाच पायजे."

"व्हय वो नाना, लावलाच," संतोष हसत म्हणाला आणि मग त्यानं अश्विनीला फोन द्यायला सांगितलं.

मे महिना संपत आला होता. शाळेला सुट्टी होती आणि मी भोरला आईकडं होते. अश्विनीचाच फोन आला. चौथऱ्यावरून परत येताना होडी उलटली. बाकीच्यांना मासेमारीच्या एका नावेनं पाण्यातून काढलं. संतोष सापडला नाही, होडीही सापडली नाही. एवढं तिनं अगदी सरळ सांगितलं आणि मग म्हणाली, "बाई, तुमी येता का? नाना दारात उभं हायेत, आत येत न्हाईत." मी मिळेल त्या टेम्पोनं गेले. ते खरोखरच दारात उभे होते, चौकटीला एका हातानं धरून. मला म्हणाले, "जाकीट व्हतं त्याच्या अंगावर. मी इच्यारून घेतलंय. जाकीट बुडत न्हाई."

त्या जाकिटावर नाना सगळा पावसाळा जगले. जाकीट घातलेला माणूस तरंगतो. तरंगणारा माणूस कुठं ना कुठं लागतो. पलीकडच्या देशाच्या पोलिसांनी उचलला असेल, तिकडं कोळी लोक धरून ठेवतात, पुढं कधीतरी सोडतात, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते मला नकाशा मांडायला लावत. "बाई, वारा हिकडनं तिकडं. मंग जाकीट कुठं जाईल?" मी बोट फिरवत फिरवत पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवायची. काय करणार होते? भावकीतली माणसं येऊन दहाव्याचं बोलू लागली की नाना त्यांना चहा पाजत आणि वाटेला लावत. अश्विनीचं कुंकू, मंगळसूत्र तसंच होतं. ती भात लावायला गेली, बेणणीला गेली, कुणी विचारलं तर "ते यायचेत" म्हणायची. मला तिच्याकडं बघवत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत विजय आला. संतोषचा सोबती, त्याच होडीवरचा. त्याचा पाय मोडला होता, इतके महिने तो दवाखान्यात आणि घरी पडून होता. आता काठी घेऊन चालायला लागल्याबरोबर भेटायला आला. चांगला मुलगा. येताना फराळाचं घेऊन आला होता, आणि ते कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. नानांनी त्याला जवळ बसवलं, त्याच्या पायावरून हात फिरवला. अश्विनी पाणी घेऊन आली आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

विजय सांगत होता. वारं अचानक वाढलं, होडी हेलकावे खायला लागली, सगळे घाबरले. "संतोष तेवढा शांत होता, नाना. तुमचं शिकवलेलं तो कधी विसरला नाही. सगळ्यात आधी त्यानं हूक लावला. होडीच्या कठड्याला, पक्का. मलाही म्हणाला, लाव. माझा हात पोचला नाही."

तो हे नानांना बरं वाटावं म्हणून सांगत होता. त्याला अजूनही ठाऊक नाही आपण काय बोललो ते, आणि त्याला कुणी सांगूही नये.

नानांनी विचारलं, "पक्का लावला व्हता?"

"एकदम पक्का."

"मंग व्हडी उलटली."

"हो."

"तू वर आलास."

विजयनं मान हलवली. माझ्या डोक्यात तोवर काही आलं नव्हतं. अश्विनीच्या हातातला तांब्या खाली पडला, तेव्हा मला उमगलं. जाकीट त्याला वर ओढत असणार, आणि हूक खाली. नानांनी विजयला जेवूनच जा म्हणून सांगितलं. स्वतः त्याच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला. त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आले, आणि मग मागं जाऊन जांभळाखाली बसले. रडले नाहीत. रडले असते तर मला इतकी भीती वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झाडावरचे सगळे दोर उतरवले आणि भावकीला निरोप धाडला, की विधी करायचाय.

माणूस सापडला नाही, तर आमच्याकडं पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. नदीकाठी जाणत्या माणसांनी तसा तो केला. रिवाजाप्रमाणं हातभर. मी अश्विनीबरोबर थोडी मागं उभी होते. नाना पुढं आले, त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "एवढुसा न्हवता माझा पोरगा."

कुणीतरी समजावलं, "नाना, असाच करत्यात. नावापुरता."

"न्हाई. मोठा करा."

मोठा म्हणजे केवढा, हे कुणाला कळेना. मग नाना खाली वाळूत बसले आणि त्या पानांच्या शेजारी उताणे पडले. सगळ्यांच्या देखत. नारळ त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून आपल्या डोक्याच्या थोडा वर ठेवला आणि तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "हितपर्यंत. माझ्यापरीस चार बोटं उंच व्हता." माणसं मुकाट्यानं उठली आणि आणखी पळस आणायला गेली. पानं येऊन पूर्ण होईपर्यंत नाना तिथून उठले नाहीत.

त्या दिवसानंतर नाना घरी क्वचितच असायचे. झाडावर जी जी पोरं शिकून गेली होती, त्यांच्या घरी ते जात होते. एसटीनं, टेम्पोनं, नाहीतर पायी. आंबवड्याला गेले, उत्रोलीला गेले. पोरगा घरी नसला तर त्याच्या आईला सांगायचे, फोन लावून द्यायला लावायचे. सांगणं एकच. "बोटीवर हूक लावायचा न्हाई. मी चुकीचं शिकिवलं." एका आईनं त्यांना सांगितलं, "अवं नाना, आमचा पुण्यात दुकानात पंखं बसिवतुया. त्याला कुठली आलीया बोट?" तरीही त्यांनी फोन लावायला लावला. लोक म्हणू लागले, नानांचं डोकं फिरलं. मी एकदा चिडून म्हणाले, "नाना, मनोऱ्यावरचं तर बरोबरच होतं ना? ते कशाला मोडता?" ते म्हणाले, "बाई, मला त्या कोळ्यानं सांगितलं व्हतं. माझ्या पोरानंबी सांगितलं व्हतं."

माझी परत भोरला बदली झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात अश्विनी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, ठेकेदाराकडून बोलावणं आलंय, संतोषच्या जागेवर घेतायत. किनाऱ्यावरच्या गोदामात काम, पण अधूनमधून होडीनं चौथऱ्यावर जावं लागेल. मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, तुझं वय काय, माहेरी जा, दुसरा विचार कर. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, हितं मला रोज लोक बघत्यात. तिकडं निदान ते हायेत."

"नाना काय म्हणाले?"

"काय न्हाई म्हणालं. मी सांगितलं, तवा उठून शेळीला पाणी दाखवाया गेलं."

त्यांनी तिला अडवलं नाही. अडवतील असं मला वाटत होतं, खरं सांगायचं तर मी त्यांच्या भरवशावरच होते.

ती निघाली त्या सकाळी मी भोरच्या स्टँडवर गेले होते. वेल्ह्याहून दोघं आले. अश्विनीकडं एक पेटी आणि एक पिशवी, दोन्ही सुट्या. कशालाच कुठं दोरी नव्हती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. नाना खाली उभे राहिले, मान वर करून. मी त्यांच्याकडं बघत होते, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस म्हातारा झालाय.

"व्हडी उलटली तर?" त्यांनी विचारलं.

"सुटायचं, नाना."

"कशाला धरायचं न्हाई."

"न्हाई."

"अजून येकदा सांग. व्हडी उलटली तर?"

"सुटायचं."

खिडकीतली माणसं बघायला लागली. कंडक्टर दार लावून घेत होता. एक म्हातारा माणूस सुनेकडून पाठ म्हणून घेतोय आणि ती ओठ दाबून एकेक उत्तर देतेय, हे काय चाललंय ते कुणाला कळणार? बस मागं सरकायला लागली. नाना बाजूनं चालू लागले. मी त्यांच्या दंडाला धरायला गेले, पण ते थांबले नाहीत.

"व्हडी उलटली तर?"

अश्विनीचे ओठ हलले. ती रडत होती, आणि इंजिनाच्या आवाजात शब्द आले नाहीत. बस फाटकाकडं वळली. नाना मोडक्या गुडघ्यांनी तिच्या मागं पळत होते आणि ओरडत होते, "मोठ्यानं म्हण, पोरी. मला ऐकू न्हाई आलं. मोठ्यानं म्हण."